केबिनमधील तालमीमांसा

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगून टाकावेत, म्हणजे नको असलेला वाचक तिथूनच परत फिरतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय: थंड हवेत ठेंगू पंखाताड वाढवणे. प्रयोजन: काही नाही. संबंध: लेखकाचे टेबल अशा ताडाच्या एका कुंडीपासून चार फुटांवर आहे. अधिकारी: ज्याच्या हाती एसीचा रिमोट, तो.

यावर पूर्वपक्ष असा, की आमच्या सिल्वासात थंड हवा असतेच कुठे? मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटते, पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळते आणि डिसेंबरच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास आला तरी चहावाले कानाला मफलर गुंडाळतात. एवढ्यावर शीतकटिबंध उभा राहत नाही. उत्तरपक्ष: पूर्वपक्षाने आमच्या अकाउंट्स खात्याची केबिन पाहिलेली नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमाप्रमाणे 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाला एसी चालू केला की आपोआप 24 अंशांवर लागतो. आमचे साहेब खुर्चीत बसण्याआधी रिमोटचे बटण आठ वेळा दाबून त्याला 16वर आणतात. आठच वेळा, मी मोजले आहे, आणि या ग्रंथातले मूळ संशोधन तेवढेच. दुपारी बाराला मी स्वेटर घालतो. शीतकटिबंध सिद्ध.

आता शब्दविचार. इंग्रज या झाडाला ‘फॅन पाम’ म्हणतो, म्हणजे आधी पंखा आणि मग त्याच्यावरून ताड. लिनियसनेही 1753 साली आपल्या ताडाला ‘फ्लॅबेलिफर’, म्हणजे पंखाधारी, असेच नाव दिले. संस्कृतात व्यवहार उलटा आहे: पंख्यालाच ‘तालवृंत’ म्हणतात. म्हणजे तिकडे ताड पंख्यासारखा, इकडे पंखा ताडाचा. दोन संस्कृतींतला हा मूलभूत भेद आजवर कुणाच्या लक्षात कसा आला नाही, याचे मला रोज चार ते साडेचारच्या दरम्यान आश्चर्य वाटते.

पाम हे झाड की गवत, हाही वाद आहे. त्याच्या खोडाला आंब्याफणसासारखी वर्षावर्षाची वलये पडत नाहीत. नात्याने तो वड-पिंपळापेक्षा बांबू-उसाच्या जवळचा. पण 1954च्या ऑगस्टात पोर्तुगीजांच्या हातून सुटल्यावर 1961पर्यंत सिल्वासाचा जो प्रदेश कागदोपत्री भारतातही नव्हता, त्या प्रदेशाला वर्गीकरणाच्या घोळाचे काय एवढे!

थंडी सोसणारे पंखाताड जगात मोजकेच. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईताड उणे वीस अंशांपर्यंत तग धरतो आणि बसक्या झुडपासारखा राहतो. भूमध्य समुद्राकाठच्या एकाचे नावच ‘ह्युमिलिस’, म्हणजे ठेंगू. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 साली लावलेला एक ठेंगू अजून जिवंत आहे. 1786 साली तो पाहून गटेला पानांच्या रूपांतराचा सिद्धांत सुचू लागला. तो ठेंगू आता सुमारे दहा मीटर उंच असून त्याच्यासाठी काचघर बांधावे लागले आहे. ठेंगूपणा ही वयाची अवस्था आहे, जातीचा गुण नव्हे, हे नर्सरीवाल्याने सांगितले नसले तरी ग्राहकाने समजून घ्यावे.

आपल्याकडचा मानकरी कुमाऊँचा. पिथोरागडजवळ, दोन हजार मीटरच्या वर, बर्फ पडणाऱ्या ओकच्या रानात तो वाढतो. बेक्कारी या इटालियन पंडिताने 1905 साली त्याला ‘टाकिल’ नाव दिले. साहेबांच्या कुंडीतले रोप हेच, असे ते पाहुण्यांना सांगतात. खरे-खोटे ठरवायला सवड आहे. पंखाताडाची बाळपाने साधी पट्टीसारखी असतात, पंखा फुटायला वर्षे जातात. तोवर त्याला हिमालयन म्हणा, चायनीज म्हणा, ते हरकत घेत नाही.

जानेवारीत रोपाचे शेंडे करपले. खात्यात तीन संप्रदाय झाले. शीतवादी म्हणाले, गारठ्याने. शुष्कवादी म्हणाले, एसी हवेतले पाणी ओढून घेतो त्याने. चहावाद्यांचे म्हणणे, उरलेला चहा कोण ओततो ते आधी शोधा. (मी ओततो. पण साखर नसलेला.) पामाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो कुजला की संपले, म्हणून आम्ही रोज आळीपाळीने त्या कोंबाकडे नाडी पाहावी तसे पाहत असू. मग साहेब मनालीला गेले. चार दिवस एसी बंद, पडदे धुवायला काढलेले, आणि पाचव्या दिवशी मधून भाल्यासारखे नवे पान वर आलेले! एसी हाच मारेकरी, असा निकाल तिथल्या तिथे लागला. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, या न्यायाला काकतालीय न्याय म्हणतात. तो प्रत्यक्ष ताडालाच लावायची पाळी माझ्यावर यावी! पामाचे पान चार दिवसांत होत नाही, ते आत कित्येक आठवडे तयार होत असते. आणि सुटीत एसीबरोबर पडदेही गेले होते, हे संप्रदाय विसरले. टाकिलला बर्फ चालतो. त्याला ट्यूबलाइट चालत नाही.

हे मी वॉचमनकाकांना सविस्तर सांगितले. काका खानवेलकडचे वारली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण हा लावून करायचं काय? ताडी निघंल?” नाही म्हटले. “गोळे?” तेही नाही. “मग तारप्याला तरी पानं?” तारपा या वारली वाद्याला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने लागतात. साहेबांच्या पामाची पाने माझ्या तळहाताएवढी. त्यातून फार तर शिट्टी.

मग काकांनी मला इमारतीच्या मागे नेले. भिंतीला लागून एक ताड उभा आहे, लावलेला कुणी नाही. अजून खोड दिसत नाही, पंखे थेट जमिनीतून आल्यासारखे, उंची माझ्या खांद्याएवढी. ताड अशी बरीच वर्षे बसून काढतो आणि मग उठतो. बरोबर त्याच्या तोंडासमोर आमच्या केबिनच्या एसीचे आउटडोअर युनिट बसवलेले. आत आम्ही जेवढी थंडी करतो तेवढी उष्णता, वर मोटारीची स्वतःची, ते बाहेर फेकते. पाने एकसारखी फडफडत होती. “दिवसभर याला वारा,” काका म्हणाले.

तालवृंताला पंखा. हे प्रकरण शब्दविचारात घालायचे की हवामानात, ते ठरवत मी तिथे घाम पुसत उभा राहिलो. स्वेटर काढायचा राहूनच गेला होता.