सामुराईचे सेवापुस्तक

तलवारीचे चित्रपट पाहणाऱ्या रसिकांचे स्थूलमानाने दोन पंथ आहेत : एक पंथ तलवार म्यानाबाहेर केव्हा येते याची वाट पाहतो, आणि दुसरा ती बाहेर आल्यावर कोणत्या कोनातून फिरली याची मीमांसा करतो. मी या दोहोंत बसत नाही. माझी सारी उमेद एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत इतरांची सेवापुस्तके लिहिण्यात खर्च झाली असल्यामुळे, पडद्यावर कोणी कमरेला दोन तलवारी खोवून प्रवेश करताच माझ्या मनात प्रथम प्रश्न उद्भवतो तो हा, की हा गृहस्थ कोणाच्या चाकरीत आहे, त्याला सालिना काय मिळते, आणि काहीच मिळत नसल्यास तो बडतर्फ झाला की त्याची असामीच खालसा झाली? सामुराईपट हा युद्धपट नसून सेवाशर्तींचा चित्रपट आहे, आणि म्हणूनच तो पैलवानापेक्षा कारकुनाला अधिक कळतो, असे माझे नम्र परंतु हट्टी मत आहे.

मासाकी कोबायाशीचा 1962 सालचा ‘हाराकिरी’ घ्या. त्याची मूळ कुळकथाच एका प्रशासकीय आदेशात आहे. फुकुशिमा मासानोरी या सरदाराने वरिष्ठांच्या मंजुरीवाचून आपल्या किल्ल्याची दुरुस्ती केली, या सबबीवर 1619 साली तोकुगावा सरकारने त्याची हिरोशिमाची जहागीर काढून घेतली, आणि बांधकामाच्या परवान्याचा एक कागद नसल्यापायी त्याचे अनेक आश्रित एका फटक्यात रस्त्यावर आले. आपल्याकडचा शिलेदार पदरच्या घोड्यानिशी एका सरदाराची चाकरी सोडून दुसऱ्याची धरू शकत असे. परंतु शांततेचा काळ सुरू झालेल्या जपानात या रोनिनांना, म्हणजे बिनधन्याच्या सामुराईंना, विचारतो कोण? तेव्हा ते मोठमोठ्या वाड्यांच्या दाराशी जाऊन ‘आपल्या अंगणात सन्मानाने पोट फाडून घेण्याची अनुज्ञा असावी’ असा अर्ज करू लागले. अर्जदाराच्या अंतरीचा हेतू अर्थात नोकरी मिळावी, निदान चार नाणी हातावर पडावीत, हा होता. ज्याने कधी अनुकंपा तत्त्वावरील अर्ज हाताळले आहेत, त्याला यातील अदब आणि अगतिकता समजावून सांगावी लागत नाही.

ईई घराण्याचा कारभारी मात्र हा पायंडा मोडून काढण्याचे ठरवतो. एका तरुण अर्जदाराला तो अर्जातील मजकुराप्रमाणे अक्षरशः वागावयास लावतो, आणि तेही बांबूच्या पात्याने, कारण खरे पाते त्या बिचाऱ्याने संसारापायी केव्हाच विकलेले असते. काही काळाने त्सुगुमो हानशिरो नावाचा प्रौढ रोनिन तोच अर्ज घेऊन येतो आणि, विधीच्या वेळी मस्तक उडवण्याच्या कामी साहाय्यक म्हणून, त्या वाड्यातील एका नामांकित तलवारबहाद्दराचे नाव सुचवतो. तो गैरहजर. दुसऱ्याचे सुचवतो, तोही गैरहजर. तिसराही! कारण तिघांचेही एकच : आजारपण. चित्रपटगृहात या ठिकाणी सर्वत्र गंभीर शांतता असते, परंतु मला हसू आवरत नाही, कारण एकाच दिवशी, एकाच शाखेतून, एकाच कारणासाठी आलेले तीन रजेचे अर्ज पाहून कोणत्याही मुरलेल्या अव्वल कारकुनाच्या भुवया उंचावतील, आणि येथे प्रत्यक्ष कारभाऱ्यालाही ते खटकते. पुढे उलगडते ते असे, की हानशिरोने त्या तिघांच्या शेंड्या कापून नेलेल्या असतात, आणि त्या पुन्हा वाढेपर्यंत तिघे घरी दडून बसलेले असतात. केस वाढेपर्यंत रुग्णता रजा देय आहे, असे कोणत्याही रजानियमावलीत माझ्या वाचनात आलेले नाही.

मग जी लढाई होते ती अप्रतिमच आहे. पण खरा शेवटचा वार घराण्याच्या दप्तरात होतो. मेलेले नोकर आजाराने वारले आणि हानशिरोने विधिवत देहत्याग केला, अशी नोंद होऊन प्रकरण दाखल दफ्तर होते. हानशिरो झालेल्या तात्सुया नाकादाईच्या तलवारीने जे झाले नाही ते एका बोरूने झाले.

योजी यामादाच्या 2002 सालच्या ‘ट्वायलाइट सामुराई’चा नायक तर साक्षात आमच्या बिरादरीतला : कोठारातला कारकून, वेतन 50 कोकु तांदूळ. एक कोकु म्हणजे एका माणसाला सुमारे वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असा ढोबळ हिशेब. तेव्हा आकडा ऐकावयास घसघशीत वाटला, तरी त्यात म्हातारी आई, दोन मुली आणि डोक्यावरचे कर्ज एवढे बसवायचे आहे. कचेरी सुटताच हा घरी पळतो, सहकाऱ्यांबरोबर पिण्यास थांबत नाही, म्हणून ते त्याला ‘तिन्हीसांज’ म्हणून चिडवतात. अशा माणसाला एके दिवशी हुकूम सुटतो, की अमक्या बंडखोर सामुराईला जाऊन ठार करावे. इतर कामे सांभाळून करावयाचे हे जादा काम! जबाबदारी त्याची आणि यश वरिष्ठांचे, हेही ओघाने आलेच. बंडखोराच्या घरी दोघे आधी शांतपणे बसून परस्परांच्या विपन्नावस्थेच्या गोष्टी बोलतात, ते दृश्य मला साऱ्या खणाखणीहून मोलाचे वाटते.

हे माझे मत आमच्या भाच्याला मान्य नाही. तो कराटे शिकतो आणि माझ्याकडे करुणेने पाहतो. एकदा मी मोठ्या आग्रहाने त्याला मिझोगुचीचा सत्तेचाळीस रोनिनांवरचा 1941-42 सालचा द्विखंडी चित्रपट दाखवला. साडेतीन तासांहून अधिक लांबीच्या त्या चित्रपटात तो पोरगा रोनिनांच्या शत्रूच्या वाड्यावरील हल्ल्याची प्रतीक्षा करत राहिला, आणि ज्या क्षणी हल्ला व्हावयाचा तेव्हा हल्ल्याचे वृत्त एका पत्राने आले व ते पत्र वाचून दाखवण्यात आले. “मामा, लढाई कुठाय?” असे त्याने विचारले. जावक-आवक नीट असल्यावर लढाई दाखवण्याचे प्रयोजन काय, असे मी म्हणालो. तेव्हापासून तो माझ्याबरोबर चित्रपट पाहत नाही.

त्याचा ओढा हाँगकाँगकडे. तेथेही माझे फारसे अडत नाही. ‘बिग बॉस’मध्ये (1971) ब्रूस ली बर्फाच्या कारखान्यात मजूर असतो, आणि त्याने बेपत्ता सोबत्यांची चौकशी करू नये म्हणून मालक त्याला मुकादम करतो : तोंड बंद करण्यासाठी बढती देण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मी अन्यत्र पडद्यावर पाहिलेले नाही. ‘36 थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये (1978) सान ते पस्तीस दालनांचे शिक्षण पुरे करतो, आणि कोणत्याही दालनाचा प्रमुख होण्याची संधी समोर असता सामान्य जनतेसाठी छत्तिसाव्या दालनाची मागणी करतो. नवी शाखा मागणाऱ्याचे जे सर्वत्र होते तेच त्याचे होते. त्याला शिक्षेच्या मिषाने भिक्षा गोळा करावयास मठाबाहेर धाडतात. बांबूच्या शेंड्यांवर तरंगणाऱ्या वीरांविषयी मात्र मला आस्था नाही, कारण त्यांचा चरितार्थ कशावर चालतो हे कोणी सांगत नाही. ‘क्राउचिंग टायगर’मधली मिशेल योह तेवढी मला विश्वासार्ह वाटते, ती मालाच्या संरक्षणाचा रीतसर धंदा चालवते.

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’बद्दल (1954) जगाशी माझे दुमत नाही, फक्त एक लेखापरीक्षकी आक्षेप आहे. सात जण निव्वळ भातावर राबले, चौघे बंदुकीच्या गोळीने गेले. पण त्यांच्या वारसांना काही मिळाल्याचा उल्लेख 207 मिनिटांत कोठेही नाही.

आणि झातोइची! शिंतारो कात्सूने रंगवलेला हा आंधळा मालिशवाला 1962 पासून 1973 पर्यंत पंचवीस चित्रपटांत आणि 1989 साली आणखी एकात काठीतली तलवार परजत, जुगाऱ्यांच्या अड्ड्यांवरून हिंडत राहिला. अंधांच्या तत्कालीन संघात चार मुख्य श्रेण्या असत, आणि ‘झातो’ ही त्यांतली सर्वांत खालची. सव्वीस चित्रपट, असंख्य गुंड गारद, आणि श्रेणी तीच! भाच्याला मी इतकेच म्हटले, की याचे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर निदान एक वेतनवाढ मी लावून दिली असती, त्यावर तो म्हणाला, “मामा, तुमच्याकडे त्यानं जन्मतारखेचा दाखला कुठून आणला असता?”