नेमगिरीच्या फुलांचा पंचनामा

परभणीच्या मनुष्याचा उंचीशी असलेला संबंध पूर्वापार तुटक आहे. ज्या मुलखात क्षितिज ज्वारीच्या कणसांवर टेकलेले असते, जेथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून माणसाला वर पाहण्यापेक्षा खाली पाहून चालण्याचे वळण लावते, आणि जेथे रेल्वे स्थानकावरील पादचारी पूल मध्ये न थांबता चढून जाणे ही लक्षणीय कामगिरी समजली जाते, तेथील माणसापुढे डोंगराचे नाव काढताच त्याला प्रथम स्मरण होते ते कर्जाचे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. इतरत्र ज्याचे काही जमले नाही त्यालाही ही भूमी उपाशी ठेवीत नाही, हे खरेच आहे. परंतु पोटाशी धरलेल्या लेकराला डोक्यावर चढविण्याची हमी तिने कधीही दिलेली नाही.

नकाशा मात्र निराळी साक्ष देतो. अजिंठ्याच्या रांगा पूर्वेकडे सरकत सरकत जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूर तालुक्यात शिरतात, आणि बालाघाटचे डोंगर दक्षिणेस गंगाखेड तालुक्यात पाऊल टाकतात. दोघेही भिडस्त पाहुण्यांप्रमाणे उंबऱ्याशीच बसून राहतात, आणि मधल्या सपाटीवर आम्ही कापूस, तूर नि सोयाबीन घेत, पावसाच्या मर्जीप्रमाणे सुखाने अथवा दुःखाने, कालक्रमणा करतो. या पाहुण्यांची कधी विचारपूस करावी असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. ते यावयास सातारा जिल्ह्याविषयीची असूया कारणीभूत झाली.

झाले असे की आमच्या गल्लीतील एक सधन गृहस्थ भाद्रपदात कासचे पठार पाहून आले, आणि आल्या दिवसापासून त्यांनी भेटेल त्याला भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे दाखविण्याचा सपाटा लावला. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळांच्या यादीत जाऊन बसलेले ते पठार, तेथील साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती, दर दिवशी किती माणसे आत सोडावयाची याची ठरलेली मर्यादा, त्यासाठी आगाऊ करावयाची नोंदणी, इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खाणारी आणि तरीही ‘सीतेची आसवे’ असे करुण नाव मिरविणारी वनस्पती, हे सर्व त्यांनी ऐकविले, आणि शेवटी, सात वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या टोपली कारवीचा उल्लेख त्यांनी अशा स्वरात केला, की जणू ती त्यांच्याच शिफारशीवरून फुलली होती.

“सात वर्षे?” आमचे नानासाहेब म्हणाले, “माझ्या नोकरीत वारसाच्या नोंदी याहून दीर्घ मुदतीने फुलत. त्यांची छायाचित्रे काढावयास कोणी आले नाही.”

नानासाहेब हे नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारने त्यांना निवृत्त केले असले तरी त्यांनी सरकारला अद्याप निवृत्त केलेले नाही. त्यांनी तेथल्या तेथे तजवीज केली, की जिंतूरच्या डोंगरांची समक्ष पाहणी करावी, पुष्पसंपत्तीची मोजदाद करावी, आणि सदरहू स्थळास मराठवाड्याचे कास म्हणून मान्यता मिळण्याविषयी रीतसर दरखास्त सादर करावी. शिष्टमंडळात तज्ज्ञ म्हणून एक तणशास्त्रज्ञ डॉक्टर, साहित्यिक म्हणून मराठीचे एक मास्तर, आणि पर्यवेक्षणासाठी नानासाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांची नेमणूक झाली. माझी नेमणूक धपाट्यांचा डबा धरण्यासाठी होती.

काळीपिवळी जीप झरी आणि बोरी ही गावे मागे टाकून जिंतूरकडे धावू लागली तेव्हा चालकाने आमच्या प्रयाणाचा हेतू विचारला. आम्ही फुले पाहावयास निघालो आहोत हे कळल्यावर त्याने आरशातून आम्हा प्रत्येकाचे वय अजमावले आणि “कामून?” एवढा एकच प्रश्न केला. त्याचे उत्तर देण्यास मास्तरांनी प्रारंभ केला. तो जिंतूर आले तरी संपला नव्हता.

जिंतूर गावाजवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी अशा दोन टेकड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. जिंतुराचे पूर्वीचे नाव जैनपूर असे परंपरा सांगते. नेमगिरीच्या गुंफांतील नेमिनाथ, पार्श्वनाथ इत्यादी तीर्थंकरांच्या भव्य पाषाणमूर्ती पाहिल्यावर त्या परंपरेविषयी शंका घेण्याचे धैर्य राहत नाही. या गुंफांची दारे मात्र इतकी ठेंगणी, की मान आणि कंबर ही दोन्ही लवविल्यावाचून आत प्रवेश नाही. उभ्या हयातीत जिल्हाधिकाऱ्यांखेरीज अन्य कोणापुढे न वाकलेले नानासाहेब पहिल्या दारापुढे क्षणभर थबकले, त्यांनी त्याची उंची डोळ्यांनी मोजली, आणि मग “ज्याने हे दार बसविले त्याला अर्जदारांचा स्वभाव ठाऊक होता” असा अभिप्राय देऊन ते दुमडले. आत अंतरिक्ष पार्श्वनाथांची ती प्रसिद्ध मूर्ती आहे. एवढा मोठा पाषाण खालच्या अगदी चिमुकल्या आधारावर तोललेला पाहून आम्ही सर्वच गप्प झालो. बाहेर आल्यावर मूर्ती आधी की दार आधी, आणि दार आधी असल्यास मूर्ती आत कशी नेली, या मुद्द्यावर पुष्कळ वेळ चर्चा झाली. ती करीत असता आम्हाला चढावर दम लागला आहे हे कोणाच्याही लक्षात येऊ नये, असा आम्हा प्रत्येकाचा खाजगी हेतू होता.

वाट म्हणून जी काही होती ती मंदिराच्या पाठीमागून उताराला लागली. ती गावनकाशात दाखल आहे किंवा केवळ वहिवाटीची आहे याचा खुलासा नानासाहेबांना हवा होता. तो तेथे कोणी करू शकले नाही, म्हणून त्यांनी तिच्यावरून चालताना “हक्क राखून” असे शब्द मोठ्याने उच्चारले. आणि मग वळणावर तो उतार समोर आला.

येथे मला विनोद क्षणभर बाजूस ठेवावयास हवा. मुरमाड उतारावर, लाव्हाच्या थरांनी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या त्या काळ्या कातळामधून, जेथे जेथे वीतभर माती साचली होती तेथे तेथे गुलाबी तेरडा दाटीने उभा होता. त्याच्या वरच्या अंगास तरवडाचे पिवळे झुबके. मधून मधून कुरडूचे तुरे, टोकाशी गुलाबी आणि बुडाशी चंदेरी होत गेलेले. आणि पायाशी, अगदी वाकून पाहिल्याखेरीज दिसणार नाही अशी, विष्णुक्रांतेची शर्टाच्या गुंडीहून लहान निळी फुले. मास्तरांनी डोळे मिटले. निसर्गशोभा डोळे मिटून पाहण्याची त्यांची जुनी पद्धत आहे.

डॉक्टरांनी मात्र डोळे विस्फारले, आणि त्यांच्या मुखातून “अरेरे!” असा उद्गार बाहेर पडला. १९७२ पासून ज्या शहरात कृषी विद्यापीठ आहे त्या शहरात तणाचा पक्ष घेणारा मनुष्य सापडणे कठीणच; त्यातून डॉक्टरांनी आपली सारी विद्वत्ता कुरडूच्या निर्मूलनास वाहिलेली. सेलोशिया अर्जेन्शिया, एका झाडाला बी किती आणि ते जमिनीत किती काळ टिकते, हे सांगताना त्यांचा स्वर फरारी आरोपीचे वर्णन देणाऱ्या फौजदाराचा होतो. तथापि विद्वान मनुष्य प्रामाणिक असतो. खाली शेतांत तणनाशकांनी कुरडूची जवळजवळ जप्ती झाली असून डोंगर हेच तिचे शेवटचे ठाणे उरले आहे, हे त्यांनी आपण होऊन कबूल केले. मग ते एका दगडावर बसले आणि त्यांनी खरोखरच चांगले व्याख्यान दिले: काळ्या जमिनीत पाणी महिनोन्‌महिने मुरून राहते, म्हणून तेथे पिकाला सवड असते, या मुरमात मात्र पाऊस पडला की निघून जातो, मातीचा थर बोटभर, सबब येथील रोपट्याला पावसाळ्याच्या त्या थोडक्या आठवड्यांत उगवणे, वाढणे, फुलणे आणि बी टाकणे हा सारा संसार उरकून घ्यावा लागतो, आणि म्हणूनच सर्व एकदम फुलतात. कासच्या उघड्या कातळावर पाऊस कितीतरी पट अधिक पडत असला तरी मातीची दैना हीच आहे. ज्या जमिनीत शेतकऱ्याला काही पिकविता येत नाही, तेथेच फुलांचे पिकते.

“बरोबर,” नानासाहेब म्हणाले. “सातबाऱ्यावर हे सगळे पोटखराब. आकार निरंक.” सरकारने ज्या उतारावर एक पैसादेखील आकारला नाही तेथे इतका रंग कसा, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत असावा, कारण ते पुढे झाले आणि त्यांनी तेरड्याचे एक फुगीर, लवदार, हिरवे बोंड तपासणीसाठी चिमटीत धरले. तेरड्याचे पिकलेले बोंड ही काय चीज आहे हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून समजणार नाही. बोटाचा स्पर्श होतो न होतो तोच त्याच्या पाकळ्या आतल्या बाजूस गरकन वळतात आणि आतील बिया उडून जातात. एक नानासाहेबांच्या चष्म्यावर आदळली. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरकारी अधिकाऱ्यावर झालेला हा पहिलाच हल्ला, आणि तोही ज्याचा रंग तीन दिवस टिकतो अशा इसमाकडून!

या सर्व काळात काकू आमच्याकडे पाठ करून आपले काम उरकीत होत्या. त्या उतारावरील वनस्पतींची ओळख आमच्यापैकी खरोखर कोणाला असेल तर ती त्यांनाच होती, आणि तिच्यासाठी त्यांना लॅटिन नावांची किंवा डोळे मिटण्याची गरज पडली नव्हती. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, म्हणून आघाडा त्यांनी पिशवीत भरला होता. कुरडूचे एक पान खुडून त्यांनी नखाने मोडून पाहिले आणि “निबर झाली. भाजीला यायचं तर आखाडात यायला हवं होतं,” असा निकाल दिला. डॉक्टरांच्या कोपराला दगड खरचटला तेव्हा त्यांनी जवळचा दगडी पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर लावला. डॉक्टर ज्या वनस्पतीला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स म्हणून निषिद्ध मानतात, तीच ती. त्यांनी निषेध नोंदविला, परंतु कोपर मागे घेतले नाही.

कुंपणाच्या झुडपावर कळलावी दिसली आणि तिने नावाला जागून आमच्यात कळ लावली. तिच्या पाकळ्या खालून पिवळ्या, वर लाल, लाटांसारख्या कडांच्या, आणि सगळ्या मागे उलटून वर गेलेल्या. पानांच्या टोकांना तंतू फुटून त्यांनीच ती शेजारच्या फांद्यांना धरून चढलेली. मास्तरांना ती अग्निशिखा वाटली. तमिळनाडूत हीच राज्यपुष्प असून तेथील शेतकरी औषधी कंपन्यांसाठी हिच्या बियांचे पीक घेतात, हे डॉक्टरांनी सांगताच नानासाहेबांनी एकरी उत्पन्न विचारले. हिचा कंद जहाल विषारी आहे हे कळल्यावर मास्तर दोन पावले मागे सरले, आणि सौंदर्य व विष यांच्या नात्यावर त्यांना जे सुचले ते डॉक्टरांनी मध्येच तोडले. उभयतांत जी बोलाचाली झाली ती डोंगराच्या माथ्यापर्यंत टिकली. माथ्यावर वाद पालटला. दूर काहीतरी चकाकत होते. ते येलदरीचे पाणी आहे असा एक पक्ष आणि कोणाच्या तरी गोठ्यावरील पत्रा आहे असा दुसरा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पोटात गेल्यावर दोन्ही पक्षांनी आपापली मते कायम ठेवून भांडण मिटविले.

तेथेच नानासाहेबांनी कागद काढला. तो मजकूर मी त्यांच्या अनुमतीने येथे उतरवीत आहे: “आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी समक्ष मौक्यावर हजर राहून पाहणी केली असता डोंगराच्या उतारावर पिवळी, गुलाबी, पांढरी, निळी व तांबडी अशी फुले बेवारस स्थितीत उमललेली आढळून आली. सदरहू फुलांचा कोणी मालक, कब्जेदार अथवा वहिवाटदार हजर नव्हता. चतुःसीमा पाहता येणेप्रमाणे…” डॉक्टरांची हरकत, की ‘फुले’ हा शब्द वगळून ‘तण’ घालावा. मास्तरांची हरकत, की ‘आढळून आली’ हे क्रियापद प्रेतासाठी राखीव आहे. पंच म्हणून सही करण्यास स्थानिक रहिवासी हवा होता, आणि तेवढ्यात एक शेळ्या राखणारा वर आला.

“काय हुडकायलाव, मामा?” त्याने विचारले.

“फुले पाहत आहोत.”

“निस्ती फुलं?” त्याने आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरविली आणि चालकाप्रमाणेच त्यालाही आमची कीव आलेली दिसली. मात्र तो जाणता होता. शेळी कुरडू ओरबाडून खाते पण तरवडाला तोंड लावीत नाही, म्हणून उतारावर तरवडच तरवड माजला आहे, हे शास्त्र त्याने दोन वाक्यांत सांगितले. डॉक्टरांनी ते टिपून घेतले. पंचनाम्याचा मजकूर त्याला वाचून दाखविला, मराठवाड्याच्या कासची कल्पना मास्तरांनी रंगवून सांगितली. त्याने सर्व ऐकून घेतले आणि अंगठा देण्यास साफ नकार दिला.

“फुलं बगायला लोक यायले की तार येती,” तो म्हणाला, “तार आली की आमची शेरडं भाईर. तुमी एकदा येऊन जाताल. आमाला रोज यावं लागतंय.”

या म्हणण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कासलाच कुंपण घातले, गुरे अडविली, आणि मग चरणे थांबल्याने उंच गवत माजून बारीक फुलझाडे दडपली गेली की काय, यावर जाणत्यांत वाद जुंपला, हे डॉक्टरांना ठाऊक होते. ते त्यांनी अंमळ हळू आवाजात सांगितले. शेळ्या एव्हाना पंचनाम्यातील गुलाबी फुलांपर्यंत पोहोचल्या होत्या.

परतीच्या वाटेवर आमच्या विजारींना आघाड्याची काटेरी बोंडे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिकटली, आणि त्या वनस्पतीने आपले बी जिंतुराहून परभणीस फुकट पोहोचविण्याची व्यवस्था आमच्याकरवी करून घेतली. डॉक्टरांना हे कळत होते. जीपमध्ये बसून ते एकेक बोंड उपटून खिडकीबाहेर न टाकता रुमालात बांधीत होते. कासहून आलेल्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी अहवाल मागितला, तेव्हा नानासाहेबांनी त्यांना मोहिमेचे स्वरूप गोपनीय असल्याचे कळविले.

पंचनामा दुसऱ्या पंचाच्या सहीअभावी नानासाहेबांच्या दप्तरी प्रलंबित आहे. मी मागे चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितले, की प्रकरण निकाली निघेपर्यंत परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवणे प्राप्त असून, दरम्यानच्या काळात सदरहू उतारावर फुलण्यास फुलांना आणि चरण्यास शेळ्यांना कायद्याने कोणालाही हरकत घेता येणार नाही.