अडकलो तर?

तुमच्या सोसायटीतही तो असणार. रविवारी सकाळी सातला गाडीखालून फक्त दोन पाय दिसतात, पायांत ट्रेकिंगचे बूट, शेजारी पत्र्याच्या डब्यात काढलेलं काळं ऑइल. तोच तो. आमच्याकडे त्याला तयारीकर म्हणतात. खरं आडनाव खाली फलकावर आहे, पण आता कुरिअरवालाही "तयारीकर कुठे राहतात?" असंच विचारतो. आणि कुरिअरवाला त्याच्याकडे रोज येतो.

तीन वर्षांपूर्वी त्याने पिकअप घेतली. व्ही-क्रॉस २०१६ साली आणि हायलक्स २०२२ साली आपल्याकडे आल्यापासून हौद्याची गाडी ही फक्त वाशीहून कोबी आणायची वस्तू राहिलेली नाही, हे व्याख्यान मी लिफ्टमध्ये दोनदा ऐकलंय. गाडी घेतली ती लडाखला जायला. हौद्यावर तंबू, मागे स्वयंपाकघर, बाजूला पाण्याची टाकी. रात्र होईल तिथे घर. "जूनमध्ये निघायचं," असं पेढे वाटताना म्हणाला होता. कुठल्या जूनमध्ये, ते विचारायचं आमचं राहून गेलं.

कारण मध्ये एक प्रश्न आडवा आला. अडकलो तर?

वाळूत अडकलो तर, म्हणून चाकाखाली घालायच्या नारिंगी फळ्या आल्या. चिखलात अडकलो तर, म्हणून साडेनऊ हजार पौंड ओढणारी विंच. विंचचा दोर बांधायला झाडच नसलं तर, म्हणून जमिनीत रोवायचा लोखंडी नांगर. वाळूत टायरची हवा अठरा-वीसपर्यंत उतरवावी लागते. मग ती परत भरायची कशी? कंप्रेसर. कंप्रेसर बिघडला तर? पायपंप. फावडी दोन आहेत. दुसरं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हा रोग गाडीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. डोंबिवलीला एका लग्नाला गेलो, तर याच्या खिशात टॉर्च आणि शिट्टी. "हॉलच्या लिफ्टमध्ये अडकलो तर?" मुलगा दहावीच्या पेपरला तीन कंपासपेट्या घेऊन गेला. त्याच लग्नात वहिनी नथ घालत होत्या, तेवढ्यात याने खिशातून बारीक पक्कड काढून पुढे केली. फासा अडकला तर? वहिनी अक्षता पडेपर्यंत त्याच्याशी बोलल्या नाहीत.

खरी गंमत मात्र वजनाची. तंबू साठ-सत्तर किलोचा. तो पेलायला हौद्यावर चौकोनी पाइपची फ्रेम. मग पाण्याची टाकी, फ्रिज आणि फ्रिजसाठी वेगळी बॅटरी (एकाच बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी गाडी चालू होत नाही, एवढं त्याचं बरोबर आहे). गाडी मागून बसली. म्हणून कमानीत एक पाटा वाढवला. मग सामान उतरवलं की गाडी करडासारखी उडायला लागली, म्हणून शॉकअप बदलले. गाडी उचलली गेली, तर आधीचे टायर खेळण्यातले वाटायला लागले, म्हणून मोठे टायर. आणि मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, ते मीटरला कळत नाही. त्यामुळे कुणी मीटरमध्ये डोकावलं की तयारीकर म्हणतो, "त्याच्यावर जाऊ नकोस, मी याहून जास्त फिरलोय." मीटरवर तीन वर्षांचे ४,१०० किलोमीटर आहेत.

कायदा त्याला तोंडपाठ. गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९चा निकाल, बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर डिसेंबर २०१७मध्ये आलेली बंदी. एवढं पाठ असलेल्या माणसाने आधी हौसेने तसला गार्ड बनवून घेतला आणि मग "आरटीओत अडकलो तर?" म्हणून काढला. तो आता घरात दिवाणाखाली आहे. केर काढताना वहिनींची करंगळी त्याला दोनदा लागली आहे.

एवढं करून लोकांना गाडी कळत नाही, हे त्याचं दुःख. काचेच्या कडेने वर गेलेला स्नॉर्केल बघून वॉचमन म्हणाला, "साहेब, धुरांडं पुढे कसं काय?" इंजिनाने पाण्यात उतरतानाही उंचावरची कोरडी हवा घ्यावी म्हणून ते आहे, हे तयारीकरने त्याला वीस मिनिटं समजावलं. वॉचमनने मान डोलावली आणि मला हळूच विचारलं, "पण मग धूर कुठून जातो?" किसननगरच्या नाक्यावर तर गाडी थांबली की कुणीतरी काचेवर टकटक करतंच. "टेम्पो खाली आहे का? कळव्याला एक कपाट टाकायचंय."

मी एकदा त्याला डिवचलं. म्हटलं, १९५५च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड-केंब्रिजची सहा पोरं दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून निघाली आणि मार्च १९५६मध्ये सिंगापूरला पोचली. तुझा अजून मुलुंड चेकनाकासुद्धा मागे पडेना.

"त्यांना साकेतचा पूल लागला नाही," तो शांतपणे म्हणाला.

आम्हाला लागला. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गाडी खरंच निघाली. लडाख नव्हे, माळशेज, एक रात्र. बरोबर मी, कारण एकटा अडकलो तर? पहाटे चारला निघायचं ते साडेसात झाले आणि साकेत पुलाच्या अलीकडे आम्ही अडकलो. ज्या क्षणासाठी या माणसाने दोन वर्षं पैसा ओतला तो क्षण आला होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे शाळेची बस. विंच बांधायची कशाला? फळ्या सारायच्या कशाखाली? मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

पाऊण तास तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग उतरला, मागचं फाळकं पाडलं, ड्रॉवर ओढला आणि शेगडी पेटवली. आलं किसून चहा केला. कंटेनरवाल्याला दिला, बसच्या ड्रायव्हरला दिला, शेजारच्या रिक्षातल्या एका आजींना दिला. आजींनी पदराची गाठ सोडली. "किती झाले?" तो म्हणाला, "काही नाही हो." आजी चहा फुंकत म्हणाल्या, "अरे, मग टेम्पोचं भाडं सुटतं कसं?" पहिल्यांदाच तो टेम्पो या शब्दावर चिडला नाही. नंतर पुढचा कंटेनर हलला, मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न दिले आणि दुसरं आधण तसंच रस्त्यावर ओतावं लागलं.

कल्याण ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलो आणि त्याने कान टवकारले. "कुर्र ऐकलास?" मी काही ऐकलं नव्हतं. "मागच्या पाट्यात आहे. घाटात अडकलो तर?" दुपारी अडीचला आम्ही वागळे इस्टेटच्या रोड नंबर २२ला, त्याच्या नेहमीच्या गाळ्यात होतो.

त्या गाळ्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आता कारखाने होते तिथे काचेचे आयटी पार्क आहेत, जवळच पासपोर्टसाठी लोक फायली घेऊन उभे असतात, आणि मध्येच कुठेतरी एखादा गाळा, एक लेथ, एक म्हातारे टर्नर काका. काकांची कंपनी बंद पडून जमाना झाला. तयारीकरचे वडील त्याच कंपनीत फिटर होते, हे इतक्या वर्षांच्या शेजारात मला त्या दिवशी कळलं.

काकांनी शॅकलची पिन काढली, बुशच्या आत करंगळी फिरवली. "अर्धा सूत खाल्लाय. गनमेटलचा करून देतो." लेथ फिरायला लागला, पिवळा कीस खाली पडायला लागला. तयारीकर हात मागे बांधून शेजारी उभा. एरवी वॉचमनला वीस मिनिटं शिकवणारा माणूस इथे एक शब्द बोलत नव्हता.

"याचा बापही असाच," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "नवी सायकल घेतली, तर घरी न्यायच्या आधी हब खोलून बसला." मग थोड्या वेळाने, "हा आठवड्यातनं एकदा तरी येतो. बाकी आता कोण येतंय?"

कुर्र नक्की कुठून ऐकू आला, हे मी परत येताना विचारणार होतो. विचारलं नाही.

यंदाचा जूनही गेला. गुडघ्यामुळे काका हल्ली फक्त दुपारनंतर येतात, त्यामुळे काम जरा हळू चाललंय. गाडी रोड नंबर २२ला जॅकवर आहे. डावीकडचे पाटे निघालेत, उजवीकडचे सोमवारी काढणार आहेत.