समुद्रावाचून अडलंय कुणाचं?

किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकल हाणत जावं, वाटेत बाग लागली की उतरून बाकड्यावर टेकावं, अशी हौस इंदूरच्या माणसानं बोलून दाखवली, तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. मुंबईचा समुद्र इथून आग्रा रोडनं पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात, आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर. इथं किनारा निघायचा तर प्रलयच व्हायला हवा. तरीही माझं म्हणणं असं, की सायकलवरच्या भटकंतीला समुद्र लागत नाही. असलाच तर त्याची अडचण होते. लागते ती पाण्याची कड, दोन पाण्यांमध्ये पोटऱ्यांना झेपेल एवढं अंतर, आणि त्या अंतरात तोंडात टाकायला काहीतरी. या तिन्ही बाबतींत इंदूर भल्याभल्या बंदरांना हार जात नाही.

पहिली साक्ष मुंबईचीच काढू. तिथं समुद्र मुबलक आहे आणि त्याच्या कडेनं रस्ते बांधायला हजारो कोटी रुपये ओतलेले आहेत. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. त्यावर सायकलला बंदी. २०२४ मध्ये सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्यानं खुला होऊ लागला. त्यावरही सायकलला बंदी. म्हणजे किनारा आहे, मार्ग आहे, फक्त सायकलवाल्यानं तो बसच्या खिडकीतून पाहायचा. मरीन ड्राइव्ह घ्यावं तर साडेतीन किलोमीटर मारले की संपलं, फिरा माघारी. शिवाय समुद्राची मूळ खोड अशी, की तो एक अख्खी बाजू अडवून बसतो. सायकलवाल्याला चार दिशा मोकळ्या असतात. किनाऱ्यावर त्यातली एक थेट पाण्यात जाते. वारा जाता-येता एका खेपेला तोंडावर असतोच, आणि त्यातला खारेपणा चेनला लागला की ती दमेकऱ्यासारखी कुरकुरायला लागते. यावर मुंबईकर सूर्यास्ताचा दाखला देईल. सूर्य माळव्यातही रोज मावळतो, आणि त्यासाठी कठड्यावर जागा धरून ठेवावी लागत नाही.

आता आमची कड कुठून आली ते सांगतो, कारण ती आपोआप आलेली नाही. माळव्याचं पठार उत्तरेकडे कलतं. शहरातून वाहणाऱ्या कान्ह आणि सरस्वती उत्तरेकडे निघतात आणि पाणी शेवटी क्षिप्रेला मिळतं. तेव्हा पाणी अडवायचं तर ते शहरात शिरण्याआधी, दक्षिणेला आणि पश्चिमेला अडवणं आलं. होळकरांच्या राजवटीनं तेच केलं. धार रोडवरचं सिरपूर, खंडवा रोडकडचं बिलावली, मधलं पिपल्यापाला, अशी तळी गावाच्या अंगाला अर्ध्या कमरपट्ट्यासारखी पसरली आहेत. १९३९ साली गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. पुढं १९७८ मध्ये सत्तर किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून आणली, आणि ही तळी जवळजवळ निवृत्त झाली. निवृत्तांचं जे होतं तेच त्यांचं झालं: कुणी विचारेना, आजूबाजूची जागा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. सायकलवाल्याचा यात फायदाच आहे. सिरपूरहून निघावं, लालबागेच्या भिंतीकडेनं पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कशी यावं, तिथून बिलावली गाठावी. घामाचा एक रुमाल पुरतो. आणि मग शहराकडे वळलं की पठार स्वतःच थोडं ढकलायला लागतं. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. मोटारवाल्याला विचाराल तर इंदूर सपाट आहे असं तो शपथेवर सांगेल.

आक्षेप येणारच, की तळं ते तळं, त्याला किनारा म्हणणं ही शुद्ध फुशारकी. पण ही फुशारकी आमची एकट्याची नाही. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, आणि २०२५ मध्ये उदयपूरच्या जोडीनं इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात हा मान मिळवणारी पहिली दोन शहरं हीच, आणि दोन्ही समुद्रापासून दूर. सिरपूर इथवर टिकलं त्यात चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे यांच्यासारख्यांच्या चिकाटीचा वाटा मोठा. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. भरती-ओहोटीचं म्हणाल तर तीही इथं आहे, फक्त घाई नाही. श्रावणात भरती, वैशाखात ओहोटी, वर्षाला एकेक फेरी. थंडीत पाण्यावर वारकरी पक्षी उतरलेले असतात: काळेकुट्ट अंग, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना सरळ उडता येत नाही. आधी पाण्यावर थपाथपा पाय आपटत लांबवर धावतात, मग एकदाचे जेमतेम वर उठतात, आणि एवढा खटाटोप करून दहा हातांवर पुन्हा पाण्यात बसतात. हे बघायला काच खाली असावी लागते, इंजिन बंद असावं लागतं, आणि मागून कुणी हॉर्न वाजवत नसावं लागतं. सायकलला या तिन्ही गोष्टी जन्मतःच मिळालेल्या आहेत.

तळ्यांसारखी नदीची कडही कुणी सुचवली नव्हती असं नाही. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी इंदूरचा अहवाल लिहायला आला. १९१८ साली त्याचे दोन जाडजूड खंड निघाले. गल्ल्या पायी तुडवून मग कागदाला हात लावायचा, ही त्याची पद्धत. नद्यांचे काठ स्वच्छ करा, तिथं बागा करा, असा त्याचा धोशा होता. त्याच्याबद्दल सांगतात, की प्लेगाच्या दिवसांत त्यानं महाराजांकडून एका दिवसापुरता राजाचा मान मागून घेतला आणि जाहीर केलं, की ज्या रस्त्यावरचे लोक घरं-अंगणं सगळ्यांत चांगली साफ करतील, त्या रस्त्यानं दिवाळीची मिरवणूक जाईल. गाव झाडू घेऊन तुटून पडलं. स्पर्धा लावली की इंदूरकर काहीही झाडून काढतो, हे केंद्र सरकारच्या आधी शंभर वर्षं या गृहस्थाच्या लक्षात आलं होतं. २०१७ पासून इंदूरनं केंद्राच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिला नंबर सोडलेला नाही, पण नदीचा पेपर मात्र अजून राहिलेला आहे. नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या स्मारक-छत्र्यांपाशी सायकल थांबवावी, कोरीव काम डोळे भरून बघावं, श्वास मात्र जपून घ्यावा. नदीला वास येतो, हा आक्षेप मी खोडत नाही. गेडिसनं सुचवलेल्या नदीकाठच्या बागा होईपर्यंत तळ्यांवर भागवावं, एवढंच म्हणतो.

पुढचा आक्षेप रहदारीचा, आणि तोही दमदार आहे. आग्रा रोडवर, म्हणजे आमच्या ए. बी. रोडवर, २०१३ मध्ये बीआरटीएस ही कठड्यांच्या आतली वेगळी बससेवा धावू लागली, अकरा-साडेअकरा किलोमीटरची. बारा वर्षांनी उच्च न्यायालयानं ती काढायला हिरवा कंदील दाखवला आणि कठडे उखडायला सुरुवात झाली. रेलिंगच्या आत बस होती तेव्हाही, आणि आता रेलिंग उखडली तिथेही, सायकलवाला ई-रिक्षा आणि बुलेट यांच्या मधल्या फटीतच असतो. सरकारं बदलली तरी फट तीच. यावर उपाय फक्त वेळेचा: सहाला निघावं. त्या वेळी रस्त्यावर दोनच जमाती असतात, झाडणारे आणि पोहेवाले. इथले पोहे आपल्या घरच्या कांदेपोह्यांसारखे कढईत परतून मोकळे होत नाहीत. खाली उकळतं पाणी, वर पोह्यांचा पिवळा डोंगर, वाफेवर सकाळभर मऊ राहतो. वरून जीरावन मसाल्याची चिमूट, शेव, कच्चा कांदा, बडीशेप दाताखाली येते, आणि शेजारी जिलेबी नको म्हणायची टाप नसते. डॉक्टर म्हणतील, एका तळ्याला जाळलं ते पुढच्या तळ्याआधीच भरून काढलं. काढलं तर काढलं! गोव्याला जाणारे मासे न खाता परत येतात काय?

राहिल्या बागा. नेहरू पार्क, मेघदूत, रीजनल पार्क, सगळीकडे सायकल फाटकाबाहेर ठेवावी लागते. टीकाकार म्हणतात, मग भटकंतीचा ओघच तुटला. तुटतो, पण कुल्ल्यांना विचारून बघा, त्यांना तो तुटलेला हवाच असतो. खरी गंमत फाटकाबाहेरच्या स्टँडवर आहे. पाटीवर चारचाकीचा दर असतो, दुचाकीचा असतो. सायकलला चाकं दोनच, पण दुचाकीत ती मोडते की नाही हे पाटी रंगवणाऱ्याला सुचलेलं नसतं. स्टँडवाला म्हणतो पावती फाडू, त्याचा जोडीदार म्हणतो, "अरे जाने दो भिया, साइकल है." दोघांचा निकाल लागेपर्यंत ती कडुनिंबाला टेकवून, कुलूप लावून, आपण निवांत आत शिरायचं.