घर पुढे, बिऱ्हाडकरू मागे

चाकांवरचं घर माणूस घेतो ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून चार दिवस सुटका व्हावी म्हणून. आणि गाडी दारात उभी राहिली की पहिलं काम काय करतो, तर तशीच गाडी घेतलेली माणसं शोधून त्यांच्या क्लबाचा सभासद होतो. आमच्या दादांचं असंच झालं. दादा म्हणजे सख्खे मावसभाऊ, मूळचे बारामतीचे, नोकरीचा सारा काळ इंग्लंडात गेलेला. निवृत्त झाले, मुलं आपापल्या वाटेने गेली, तेव्हा त्यांनी मोटारहोम घेतलं. ‘आता कुणाची कटकट नाही,’ असं फोनवर सांगितलं. पुढच्या फोनला ते क्लबाच्या मेळाव्याला निघाले होते.

हे मेळावे कसे भरतात ते दादांच्या तोंडून ऐकावं. एखाद्या शेतकऱ्याचं कुरण शनिवार-रविवारसाठी ठरवायचं. दोघा-तिघांनी आधी जाऊन झेंडा उभा करायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला जागा दाखवायची. दोन गाड्यांत सहा मीटर अंतर हवं, म्हणजे एकीला आग लागली तर दुसरीला झळ नको. रविवारी सकाळी सामुदायिक कॉफी. कॉफी क्लबाची, पण कप आणि खुर्ची ज्याची त्याने आणायची. मग सोडत, प्रश्नमंजूषा, एखाद्या वेळी गाणी. पण दादांच्या मते खरा कार्यक्रम पहिल्या दिवशीच उरकतो. जो तो दुसऱ्याची गाडी आतून बघत हिंडतो. पलंग दुमडतो कसा, शेगडीला चुली किती, सांडपाण्याची टाकी भरते कधी. वहिनी म्हणाल्या, “एका दिवसात वीस घरभरण्या, आणि जेवायला कुणीच बसवत नाही!”

यात दादांचा किंवा त्यांच्या मित्रांचा दोष नाही, परंपराच तशी आहे. हौसेखातर चाकांवरचं घर बांधून घेणारा पहिला माणूस म्हणून गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश आरमारी डॉक्टरचं नाव घेतलं जातं. १८८५ साली त्याने दोन घोड्यांची ‘वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली आणि निसर्गाच्या एकांतात निघाला. एकांत कसला, तर गाडी हाकायला कोचमन आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायला पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकर! १९०७ साली अशा एकांतप्रिय मंडळींनी इंग्लंडात रीतसर क्लब स्थापन केला. माणसांना कंटाळलेली माणसं एकत्र आली की क्लब होतो, हा त्या देशाचा जुना अनुभव असावा.

आपल्याकडेही २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरण चांगलं आहे. पण बारामती-इंदापूरच्या माणसाला चाकांवरचं घर ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या गाड्या याच रस्त्याने येतात. गाडीत भांडी, सरपण, पोरं, मागे बांधलेली शेळी. धनगरांचं बिऱ्हाड तर घोड्याच्या पाठीवर असतं, वर कोंबड्यासुद्धा. या लोकांनी हौस म्हणून घर सोडलेलं नसतं, त्यामुळे त्यांच्या मुक्कामाला मेळावा म्हणणं बरं दिसणार नाही. ते राहू दे.

हौसेने घर सोडून निघणाऱ्यांचा आमच्याकडचा मेळावा भरतो तो आषाढात. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पंढरीला जाणारा पालखी सोहळा सुरू केला, तो आमच्या तालुक्यांतून जातो. उंडवडीचा घाम पुसत पालखी बारामतीत शारदा प्रांगणात उतरते. मग काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण करतात. पुढे सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी नीरेकाठचं सराटी. तिथे पादुकांना नीरास्नान झालं की पालखी अकलूजच्या हद्दीत, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात जाते.

पालखीचे फोटो सगळेच काढतात. सोबतच्या दिंड्यांच्या ट्रकांचे कुणी काढत नाही, आणि माझ्या मते बघण्यासारखे तेच. दिंडी म्हणजे क्लबच. तिला नंबर असतो, रथापुढे की रथामागे ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, आणि ती पैसे टाकून पुढे सरकवता येत नाही. वर्गणीला भिशी म्हणतात. त्या भिशीतून आचारी, तंबू, पाण्याचा टँकर आणि ट्रक. एरवी वाळू, कांदा नाहीतर सिमेंट वाहणारा मालट्रक आषाढात घर होतो. मधोमध आडव्या फळ्या टाकून त्याचे दोन मजले करतात. खाली पिठा-तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, माणूस आत उभा राहील एवढी पातेली. वर वळकट्या आणि पिशव्या. सगळ्यांच्या पिशव्या एकाच मिलच्या आणि एकाच रंगाच्या, म्हणून कुणी बंदाला लाल चिंधी बांधलेली, कुणी जावयाच्या दुकानाचं नाव वर काढलेलं. फाळक्याला लोखंडी शिडी. एका कडेला फळीवर बसवलेली प्लगांची लांबलचक रांग आणि तिच्यात गुंतलेले पन्नासेक मोबाईल. त्यांवर चिकटपट्टीने आडनावं. पाटलांचा फोन वाजला की शिंदे उचलतात आणि “पाटील हिकडं न्हाईत, पाय चेपून घ्यायला गेल्यात,” असं पाटलीणबाईंना कळवून टाकतात.

गंमत अशी की, या घराची आणि घरात राहणाऱ्यांची भेट दिवसातून फार तर दोनदा व्हायची. पहाटे तंबू उतरवले, वळकट्या चढवल्या की ट्रक निघाला पुढच्या मुक्कामाला. माणसं दिवसभर चालत मागून. संध्याकाळी दमलेल्या माणसाने हजारो ट्रकांतून आपला ट्रक हुडकायचा. वेळूला बांधलेला झेंडा, कापडावरचा दिंडीचा नंबर, नाहीतर ओळखीच्या आचाऱ्याचं ओरडणं, एवढ्याच खुणा. त्यात ध्वनिक्षेपकावर नावं चाललेली असतात. अमक्या गावच्या आजींना तमक्या दिंडीचे लोक शोधत आहेत. आजींना विचारावं तर त्या शांत. हरवले आहेत ते दिंडीवाले, त्या नाहीत. आळंदीच्या ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात तर मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की एवढा समाज गप्प होतो, आणि हरवलं-सापडलं ते पुकारतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग ती तक्रार ऐकली जाते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणावी असं मी सुचवलं होतं. टाळ पुरणार नाहीत, असं उत्तर मिळालं.

दादा एकदा आषाढात आले तेव्हा त्यांना सणसरच्या मुक्कामाला घेऊन गेलो. क्लबाचा सभासद दुसऱ्या क्लबाच्या मैदानात शिरतो त्या रुबाबात त्यांनी ट्रकाची पाहणी सुरू केली. पाणी कुठे साठवता? टँकरात. वीज? जनरेटर. अंतर किती ठेवता दोन गाड्यांत? ड्रायव्हरने दोन ट्रकांमधल्या दोरीवरची धोतरं बाजूला सारली आणि “एवढंच,” म्हणाला. मग दादांनी शेवटचा प्रश्न टाकला, यात झोपतात किती जण?

“आवं, गाडीत सामान झोपतंय. मानसं खालीच.”

दादा गप्प झाले. दुमडणारा पलंग, फिरती खुर्ची, पडद्यामागचं न्हाणीघर या सगळ्याचं वर्णन त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण ऐकणाराच आपली वळकटी हुडकायला निघून गेला.

इंदापूर तालुक्यात पाऊस पेरणीला यायचा तेव्हा येत नाही. ट्रक मैदानात उतरले की मात्र हजर होतो. त्या रात्रीही सर आली, आणि काळ्या रानात एका ट्रकाचं मागचं चाक निम्मं रुतलं. कुणी तुराट्या आणून टाकल्या, कुणी पोत्यांचे तुकडे. टाळकरी, विणेकरी, आचारी, गावची पोरं, सगळे फाळक्याला भिडले आणि दादाही. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. अखेर सणसरचा एक ट्रॅक्टर आला आणि साखळी लावून त्याने ट्रक ओढून काढला. चिखलाने माखलेल्या दादांना एका आजींनी स्वतःच्या लोट्यातलं पाणी पायांवर घालायला दिलं आणि दिंडीचा नंबर विचारला. ते कुठल्याच दिंडीत नाहीत हे त्यांना पटेना. ढकलायला आलात म्हणजे आमच्यातलेच, असा त्यांचा हिशोब. परतताना दादा म्हणाले, त्यांच्याकडच्या मेळाव्यातही सगळ्यांत रंगलेला दिवस तोच, ज्या दिवशी पावसाने कुरणात चार गाड्या फसल्या होत्या.

मला यातलं मर्म असं दिसतं. दादांच्या गाडीत सगळं आहे, सुईदोऱ्यापासून फ्रीजपर्यंत. त्यामुळे शेजारच्या गाडीचं दार ठोठावायला काही निमित्त उरत नाही. म्हणून मग सोडत काढावी लागते. दिंडीत कुणाकडेच सगळं नसतं. एकाकडे बाम असतो, दुसऱ्याकडे तंबाखू, तिसऱ्याकडे चार्जर, चौथ्याला अभंगाची चाल ठाऊक असते. मागितल्याशिवाय कुणाचंच चालत नाही. दिंडीत सगळा गोडवाच आहे असंही नाही. तंबूतल्या जागेवरून बोलाचाली होते, भिशीच्या हिशोबावरून रुसवे धरतात, आणि तिथलं घोरणं ऐकलेल्या माणसाला सहा मीटर अंतराचा नियम पटू लागतो.

२०२० आणि २०२१ साली मात्र सगळंच उलटं झालं. करोनामुळे पायी वारी बंद, पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या. मुक्काम नाहीत, रिंगण नाही, एरवी दिवसचे दिवस चालणारी वाट काही तासांत संपली. चाकं होती, वेग होता, रस्ता मोकळा होता. तरी काटेवाडीपासून सराटीपर्यंत एकही माणूस त्या सोयीवर खूष झालेला मला भेटला नाही.

आता पालखी मार्ग रुंद झाला आहे आणि मोटारहोमवाले इकडे वळू लागतील अशी लक्षणं आहेत. त्यांनी जरूर यावं. हिवाळ्यात आलात तर उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगावला गाडी लावा. रोहित पक्षी तिथे येतात, आणि तेही थव्यानेच. आषाढात येणार असाल तर गाडी घरी ठेवा, त्या दिवसांत या रस्त्यावर तिला जागा मिळत नाही. काटेवाडीला दिंडीत शिरा, कुणाला तरी नंबर विचारून ठेवा आणि सणसरपर्यंत चला. संध्याकाळी ट्रकापाशी पंगतीत बसा, कुणी उठवणार नाही. ताट, वाटी आणि पेला तेवढा स्वतःचा आणा. पिठलं-भाकरी भरपूर असते, जादा ताटं नसतात.