आधी मंकणी, मग माधवराव

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी बेली नावाची एक अमेरिकन मुलगी मुक्कामाला होती. ती जेवत नसे, पण जेवणाच्या टेबलावर असे. दर बुधवारी तिचा नवा भाग यायचा आणि गुरुवारी सकाळी पोळ्या लाटताना मला तिची खुशाली कळायची. बेलीला दोन भाऊ आवडतात. म्हणजे एकमेकांचे सख्खे भाऊ, तिचे नव्हेत. हा खुलासा माझ्या आईला तीन वेळा करावा लागला. थोरला कॉनराड, घुम्या. धाकटा जेरेमाया, हसरा. दोघांची आई आणि बेलीची आई जिवलग मैत्रिणी, त्यामुळे दर उन्हाळ्यात सगळी मंडळी समुद्रकाठच्या एकाच घरात. आमची लेक ‘टीम कॉनराड’. तिची वर्गमैत्रीण ‘टीम जेरेमाया’. त्यापायी दोघींमध्ये आठ दिवस अबोला होता. बारावीचं वर्ष, हे इथे नमूद करून ठेवते.

सप्टेंबरात तिची मालिका, ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’, संपली. मी सुटकेचा श्वास सोडला, तर आठवडाभरात घरी खोकं आलं आणि त्यातून तीन पुस्तकं निघाली. जेनी हान या बाईंनी २००९, २०१० आणि २०११ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत लिहिलेल्या मूळ कादंबऱ्या.

“अगं, पण शेवट माहितीये ना तुला?”

“म्हणून तर वाचतेय,” लेक म्हणाली आणि दार लावून घेतलं.

या उत्तरावर मी थोडी चिडले. मग पोहे परतता परतता लक्षात आलं, की याच कारणासाठी मीही एकदा दार लावून घेतलं होतं. फरक एवढाच की आमच्या वाड्यातल्या खोलीला लावण्याजोगं दार नव्हतं, पडदा होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची. टीव्ही मालकांच्या माडीवर, कृष्णधवल. अँटेनावर कावळा बसला की शनिवारवाडा थरथरायचा. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव, म्हणजे पुढच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. त्या तेव्हा शाळकरी वयाच्याच होत्या आणि आम्हीही. त्यामुळे माडीवर बसलेल्या प्रत्येक परकरपोलक्याला वाटायचं, की पेशव्यांनी जरा नीट पाहिलं असतं तर आपणही होतो. माधवरावांचा थेऊरचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता, इतिहासाच्या पुस्तकात दोन गुणांना होता. तरी शेवटच्या भागाला मालकीणबाईंनी रडून रडून खोकल्याचं निमित्त केलं आणि आम्हा पोरींना जिन्याकडे पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या मागे लागले, की पुस्तक आणा. वडील नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद होते. १८४० पासूनची संस्था, तिचा सभासद असणं ही आमच्याकडे शिधापत्रिकेच्या खालोखाल मानाची गोष्ट. पण ‘स्वामी’ची प्रत जागेवर असेल तर ना! साऱ्या नाशकाला एकाच वेळी रमेची आठवण झाली होती. शेवटी तीन आठवड्यांनी पुस्तक हाती आलं ते खाकी बांधणीतलं, कोपरे मऊ झालेलं. कुणीतरी पेन्सिलीने समासात उभ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. त्यातली राजकारणाच्या पानांवर एकही नव्हती, हे मी लगेच हेरलं.

आता या वाचनाला वडिलांची हरकत कशी नव्हती? कादंबऱ्यांनी मुली बिघडतात हे मत आमच्या घरी पक्कं होतं. कथालेखक काकोडकरांचं नाव तर देवघराच्या आसपास घ्यायची सोय नव्हती. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायमूर्तींनी ती अश्लील नाही असा निकाल दिला. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या आजीला मान्य नव्हता. गंमत म्हणजे रणजित देसाईंची ‘स्वामी’ही १९६२ चीच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली, तिच्यातही एक तरुण आणि एक तरुणी, चांदणं, रुसवे, विरह, सगळं. पण तिला साहित्य अकादमी मिळाला होता आणि मुख्य म्हणजे ती ऐतिहासिक होती. हा परवाना फार मोठा. नायकाच्या डोक्यावर पगडी असली की त्याने बायकोच्या डोळ्यांत कितीही वेळ पाहिलं तरी तो अभ्यासच. अमेरिकेत या वयाच्या प्रेमकथांना म्हणे पुस्तकाच्या दुकानात स्वतंत्र कपाट असतं. आमच्या कपाटावर ‘इतिहास’ अशी चिठ्ठी होती, इतकंच.

तर मी वाचायला घेतलं आणि पहिल्या पानापासून मंकणी बोलू लागले. देसाई काय लिहितात याची मंकणींना पर्वा नव्हती. ते आपल्या आवाजात, आपल्या भुवया उंचावून पानापानांवर हिंडत होते. खऱ्या माधवरावांचं चित्र पुढे कधीतरी पाहिलं तेव्हा मला ते बेतलेले, उसने वाटले. आज पन्नाशी ओलांडल्यावरही पेशवाईवर काहीही वाचलं, की चौथ्या पेशव्याच्या जागी मंकणीच उभे राहतात. आधी पाहिलं की हे असं होतं. पुस्तकाच्या घरात आपण जायच्या आधीच भाडेकरू येऊन राहिलेले असतात आणि ते कधीही जागा सोडत नाहीत.

याला लोक नुकसान म्हणतात. आमचे मराठीचे सर म्हणायचे, आधी वाचा, स्वतःची चित्रं तयार करा, मग पाहा. सर मोठे होते, पण पंचवटीत राहून हे बोलत होते. जिथे शूर्पणखेचं नाक कुठे कापलं ते रिक्षावालाही दाखवतो, सीतागुंफेत वाकून जाताना पुढे काय होणार हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, त्या गावाने ‘शेवट सांगू नका हं’ असं कुणाला म्हणावं? आमच्याकडे गोष्ट आधी समजलेली असते आणि मग ती ऐकायला लोक सतरंजी घेऊन जातात.

पुढे कॉलेजच्या पोरांचंही तेच झालेलं पाहिलं. २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ सिनेमा आला आणि सुहास शिरवळकरांना ज्यांनी कधी हात लावला नव्हता, ती मुलं पुस्तक मागत हिंडू लागली. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते. कट्ट्याचे दिवस असे परत आलेले पाहायला ते हवे होते. ‘शाळा’ची गोष्ट उलटी. मिलिंद बोकिलांचं पुस्तक २००४ चं, सुजय डहाकेंचा सिनेमा नंतरचा, आणि मी आधी वाचलं होतं. नववीतला जोशी आणि त्याची शिरोडकर. आडनावाने केलेल्या प्रेमाइतकं मराठी प्रेम दुसरं नसेल. सिनेमात अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर दोघेही गोड होते; पण माझी शिरोडकर थोडी सावळी होती आणि तिला माझ्या वर्गातल्या एका मुलीची चालण्याची ढब होती. केतकी तिला हलवू शकली नाही. म्हणजे पहिला येतो तो राहतो, मग तो नट असो की आपल्या वर्गातली कुणी.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीची पुस्तकं वाचून झाली तेव्हा मी गुपचूप पहिला भाग उचलला. मालिका मी पोळपाटावरून, तुकड्यातुकड्यांत पाहिली होती, तेवढी शिदोरी पुरेशी होती. वाचताना पहिला धक्का बसला तो असा, की पुस्तकात फारसं काही घडतच नाही. मालिकेत थाटाचा नृत्यसमारंभ आहे, पांढरे झगे आहेत, त्यातलं पुस्तकात काही नाही. बेली शेवटी परदेशी शिकायला जाते ती पुस्तकात स्पेनला आणि मालिकेत पॅरिसला. (पॅरिस पडद्यावर बरं दिसत असावं.) पुस्तकात आहे ती नुसती सोळा वर्षांची मुलगी, स्वतःशी बोलणारी. तो आला, त्याने पाहिलं, पाहिलं का, की मागच्या भिंतीकडे पाहिलं? आणि मधेच मागे जाऊन अकराव्या-बाराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने काय म्हटलं होतं. ही पोरगी पान-पान वाट पाहते. मालिकेत वाट पाहणं म्हणजे एक गाणं. गाणं संपलं की तो दारात. लेक शेवट माहीत असून कशासाठी वाचत होती हे मला तिथे समजलं. तिला शेवट नको होता. तो यायच्या आधीचा वेळ हवा होता, आणि तो पडद्याने कापून टाकला होता.

बाकी उन्हाळ्याचं म्हणाल तर मला हेवाच वाटला. पुस्तकभर समुद्र, पोहणं, रात्री वाळूत शेकोटी. आमचा सोळाव्या वर्षीचा उन्हाळा गच्चीवर कुरडयांची राखण करण्यात गेला. चीक शिजवायला पहाटे चारला उठायचं, अकरापर्यंत घालून संपवायचं आणि मग छत्री घेऊन कावळे हाकायचे. शेजारच्या गच्चीवर कुणी मुलगा उभा असलाच, तर तोही सांडगे राखायलाच. त्यातही भावना उमलत, नाही असं नाही, पण हातात काठी असायची.

सोळाव्या वर्षावरून आठवलं. बेलीला सोळावं लागतं आणि तिच्यापुढे प्रश्न पडतो की थोरला की धाकटा. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले तेव्हा पानिपताला पुरतं वर्षही झालं नव्हतं, वडील नुकतेच गेलेले, डोक्यावर कर्ज आणि घरात काका. सत्ताविसाव्या वर्षी तर सगळं संपलंही. हे मी लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, “आई, तुलना करू नकोस ना.” बरोबर आहे. पगडीचा परवाना पुन्हा मीच काढत होते.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. दुसरा भाग वाचताना लक्षात आलं, की बेलीचं काय होतंय यात माझं लक्षच नाही. माझं लक्ष तिच्या आईकडे. ही बाई, लॉरेल, जिवाभावाच्या मैत्रिणीला आजारपणात गमावते, आणि मुलगी मात्र कुठल्या मुलाने हात धरला याचाच विचार करत असते. तिला कुणी चहा तरी विचारा! चाळीस पानांनंतर मी पुस्तक मिटलं आणि कपाटातून ‘स्वामी’ काढली, आता स्वतःच्या मालकीची. रमेला भेटायला गेले आणि भेटल्या गोपिकाबाई. तेव्हा ज्यांची पानं मी भराभर उलटली होती त्या. भावाला दंड केला म्हणून पोटच्या पोरावर, माधवरावांवर, रुसून शनिवारवाडा सोडणाऱ्या. सोडून आल्या कुठे? तर नाशिकजवळ गंगापूरला. १७८८ मध्ये वारल्या त्याही या परिसरातच. म्हणजे ज्या गंगापूर रोडवर मी रोज भाजी घेते, तो रस्ता मुळात एका रुसलेल्या आईकडे जाणारा. वाटेत आनंदवल्ली, माधवरावांचे काका राघोबादादा यांचं ठिकाण, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावाचं. एकाच रस्त्यावर रुसलेली आई आणि रुसलेला काका, आणि ज्याच्यावर रुसले तो पुण्यात.

मृणाल कुलकर्णींनी २०१४ मध्ये ‘रमा माधव’ हा सिनेमा केला. त्यात रमा झाली पर्ण पेठे. स्वतः बाईंनी भूमिका घेतली गोपिकाबाईंची. सून होती ती सासू झाली. सिनेमा पाहताना मला हे फक्त मौजेचं वाटलं होतं.

परवा लेकीला क्लासला सोडायला निघाले. आनंदवल्लीच्या अलीकडे वाहनांची रांग. मी राघोबादादांची गोष्ट सुरू केली, तिने कानातली गाण्याची बोंडं काढली, हे विशेष. ऐकून घेतलं आणि विचारलं, “याची सिरीज आहे?”

“होती. तुझ्या जन्माआधी. पुस्तक आहे.”

“आधी सिरीज बघते, मग वाचते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तू कोणती टीम? माधवराव की काका?”

“टीम गोपिकाबाई.”

“ती कोण?”

“माधवरावांची आई. इथेच पुढे राहायची.”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. लेकीने बोंडं पुन्हा कानात घातली होती, पण एकच.