आमचा नंबर विकणाऱ्या श्रीयुतांस



आपल्या तत्परतेचं कौतुक करावं म्हणून हे पत्र. पोराचा दहावीचा निकाल दुपारी लागला आणि हातातला चहा निवायच्या आत कोट्याच्या कुठल्याशा क्लासवाल्या बाईंनी टक्क्यांसकट अभिनंदन केलं. साताऱ्यात त्याच्या सख्ख्या आत्याला अजून कळायचं होतं. आमच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचंही तेच. सातबाऱ्यावर वारसनोंद लावता लावता आमच्या चपला झिजल्या, पण आपल्या दप्तरी तात्या अजून ठणठणीत आहेत. परवाच त्यांना पाच लाखांचं कर्ज ‘प्री-अप्रूव्ह्ड’ झालं. फोन आईनं घेतला. ‘‘त्ये वर गेल्यात,’’ म्हणाली, ‘‘तिथला नंबर हाय का तुमच्याकडं?’’

आपलं म्हणणं असं, की सामान्य माणसाला ह्याचं काही वाटत नाही. पुरावा काय, तर तो ‘अलाऊ’ दाबतो. दाबतो हो. दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, ही सोयही आपलीच. कापडदुकानात नंबर सांगितल्याशिवाय बिल निघत नाही. तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला मान वर न करता म्हणतो, ‘ह्या नंबरवर व्हॉट्सॲप करा’, आणि आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं त्याच्या मोबाइलात जाऊन बसतं. मागं रांग खोळंबलेली असते. ‘आता डिलीट करा बरं’ म्हणायला जीभ रेटत नाही.

पण वाटत नाही म्हणता? खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलाचा सौदा घोळक्यात व्हायचा, भाव मात्र रुमालाखाली, बोटांवर. बघ्यांना नुसता रुमाल हललेला दिसायचा. एकरी हळद किती निघाली हे आमच्याकडं सख्ख्या मेहुण्यालाही कुणी खरं सांगत नाही. झाकायचं काय आणि कुणापासून, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रुमाल ओढलात तो आपण.

आपल्या धंद्यातले होतकरू आमच्या मुलखातही निघाले म्हणा. सप्टेंबर २०२४ मध्ये खटाव तालुक्यातलं एक प्रकरण गाजलं. लाडकी बहीण योजनेत भलत्यांचे आधार क्रमांक आणि स्वतःच्या बायकोचे वेगवेगळ्या वेशभूषेतले फोटो लावून एकानं तीसेक अर्ज भरल्याचा आरोप होता. खारघरच्या एका बाईंचा स्वतःचा अर्ज पुढं सरकेना, तेव्हा हे भांडं फुटलं. महिना पंधराशेच्या हप्त्यासाठी वडूजचे पोलीस कामाला लागले. आपण नंबर लाखांनी विकता. आपल्या दारात कोण आलं?

घाबरू नका, कुणी येणार नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसतील असं आधार वापरा. इतकं शहाणं सरकारी पत्रक क्वचितच निघतं. दोन दिवसांत ते मागं घेतलं. लोक म्हणे गैरअर्थ काढतील. आमचा झेरॉक्सवाला त्या दोन दिवसांतही निवांत होता.

वैयक्तिक माहिती जपायचा कायदाही आहे, २०२३ चा. दंड २५० कोटींपर्यंत. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला वर आणखी १८ महिन्यांची मुदत. द्राक्ष बागायतदाराला अवकाळीनं कधी १८ मिनिटांची दिली नाही. असो. तोवर शिल्लक माल काढून टाका.

एकच विनंती. सांगलीच्या यार्डात हळद घातली तर हमाली, तोलाईचा हिशेब होऊन का होईना, पट्टी हातात पडते. कुणाचा माल, किती वजन, काय दर, सगळं तिच्यावर असतं. माझा नंबर, पोराचे टक्के आणि तात्या कुणाला, काय दरानं गेले, त्याची पट्टी तेवढी पाठवून द्या. पत्ता आपल्याकडं आहेच.

आपला,
यादीतला एक